काटा ट्रू नाही

दशांशरावांच्या टेबलावर त्या दिवशी जे पत्र आलं त्यात चार ओळी होत्या, आणि त्या चार ओळींत 'ट्रू' हा शब्द तीनदा आला होता. एवढ्याशा कारणावरून शेहेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, पचनाच्या बाबतीत हळवा असा एक सरकारी कारकून आयुष्यातून उठू शकतो, असं कुणी आधी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण झालं मात्र तसं.

वजनमापे कार्यालयात दशांशराव तक्रारींचा पत्रव्यवहार सांभाळत. हे नाव त्यांना कार्यालयानेच दिलेलं. रजेच्या अर्जात 'दीड दिवस' असं न लिहिता ते 'एक पूर्णांक पाच दशांश दिवस' असं लिहीत, त्यामुळे दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. पत्रव्यवहार अजून इंग्रजीत चाले. आपल्या भाषेत लिहिलं की माणसाला लगेच कळतं आणि मग तो उलट प्रश्न विचारतो, असा खात्याचा जुना अनुभव होता.

तर पत्र होतं जवळच्या प्रसूतिगृहातल्या मेट्रनबाईंचं. आपण तपासून दिलेला आमचा बाळांच्या वजनाचा काटा ट्रू नाही. रिकामा असताना साठ ग्रॅम दाखवतो. तो लवकर ट्रू करून द्यावा. आणि खाली सहीच्या वर, युवर्स ट्रूली.

पहिले दोन ट्रू दशांशरावांना समजले. काटा बरोबर नाही, तो बरोबर करा. तिसरा मात्र घशात अडकला. बावीस वर्षांत त्यांच्याकडे आलेलं झाडून प्रत्येक पत्र 'युवर्स फेथफुली'वर संपलेलं होतं. भंगारवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे त्यांचे विश्वासू होते, आणि त्यांतला एकही विश्वास ठेवण्याजोगा नव्हता, हे त्याच फायलींवरून सिद्ध होत होतं. ट्रूली असं त्यांचं आजवर कुणीच नव्हतं.

कार्यालयातला शब्दकोश खिडकीची झडप मिटू नये म्हणून लावलेला असे. दशांशरावांनी तो ओढून काढला. झडप धाडकन मिटली, साहेबांच्या बशीत चहा सांडला, आणि इकडे 'ट्रू'चं पान उघडलं. खरा. अस्सल. बिनचूक. सरळ. पातळीत बसलेला. इमानी. दिल्या शब्दाला जागणारा. एका शब्दाचे इतके अर्थ असतील तर इंग्रज माणसं एकमेकांशी बोलतात तरी कोणत्या भरवशावर, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी खालचा 'ट्रूली' पाहिला. मनापासून, खरोखर. युवर्स म्हणजे तुमची. दोन्ही शेजारी शेजारी मांडून त्यांनी बेरीज केली. त्यांची बेरीज आजवर कधी चुकलेली नव्हती, म्हणूनच त्यांचे कान गरम झाले.

सुतावरून स्वर्ग गाठायचा तर निदान सूत पक्कं असावं, म्हणून ते संध्याकाळी शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांना इंग्रजीतली शंका विचारणं म्हणजे नळ सोडून बाहेरगावी जाण्यासारखं होतं. दशांशरावांनी 'एका सहकाऱ्याला पडलेला प्रश्न' म्हणून सुरुवात केली, आणि पाऊण तास ते स्टुलावर मान हलवत बसले. पाऊण तासाचं सार असं निघालं की, अनोळखी माणसाला फेथफुली, स्नेह्याला सिन्सिअरली, आणि ट्रूली या दोहोंच्या मधलं. ओळख आहे पण जवळीक नाही, तिथे. मुळात ओळखच नसेल तर, असं दशांशरावांनी विचारलं तेव्हा हेडमास्तरांनी चष्मा काढला. मग दोनच शक्यता, ते म्हणाले. एकतर लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नाही, नाहीतर ओळख व्हावी अशी त्याची इच्छा आहे.

दशांशरावांनी पत्राचं व्याकरण आधीच तपासलं होतं. चूक एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचे मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन प्रसूतिगृहात गेले आणि दुपारच्या आत परत आले. काम काहीच नव्हतं, शून्याचा स्क्रू सैल झाला होता. मिस्त्रींच्या दृष्टीने ट्रू या शब्दात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. रिकामा असताना जो शून्यावर उभा राहतो तो काटा ट्रू, पुढचं सगळं आपोआप. दशांशरावांनी आडून आडून तिथली व्यवस्था कशी आहे, स्वच्छता कशी आहे, माणसं कशी आहेत, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, मेट्रनबाई कडक आहेत. पण मी स्क्रू फिरवत होतो तोवर एक तान्हं पोर हातावर घेऊन जवळ उभ्या होत्या, आणि काटा शून्यावर आला तशा त्या पोराला म्हणाल्या, "चल, आता तू खरा किती आहेस ते बघू."

हे वाक्य दशांशरावांना घरी पोचेपर्यंत पुरलं, आणि घरी पोचल्यावरही उरलं. आपल्याला असं आजवर कुणी म्हटलं नाही, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षं साऱ्या गावाची वजनं तपासण्यात गेली. आपण किती भरतो, हे बघायला कुणी आलं नाही. रस्त्यात त्यांना चक्क वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांना आंबट ढेकर येत, तसा एक आला.

नियमाप्रमाणे त्या दिवशी फाइल बंद व्हायला हवी होती. फाइल बंद म्हणजे पत्रं बंद. दशांशरावांनी 'निकाली' हा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला. मग त्यांनी कोरा कागद घेऊन एक शंका लिहिली: काट्याच्या पट्टीवरील क्रमांकाचा शेवटचा आकडा एक आहे की सात, हे कळवावे.

गुरुवारी उत्तर आलं. सात आहे. युवर्स ट्रूली.

आता इथे शहाण्या माणसाने थांबावं. पण चव लागली की हात आखडता राहत नाही. सातावर आडवी रेघ आहे काय, असं दुसऱ्या पत्रात विचारलं. नाही, युवर्स ट्रूली. तबकडीवरच्या खुणा काळ्या की निळ्या. काळ्या, पण तीनशेच्या आसपास पुसट, युवर्स ट्रूली. काटा ज्या टेबलावर आहे त्याला पाय किती. चार. चारही जमिनीला टेकतात काय. तीन टेकतात, चौथ्याखाली आम्ही पुठ्ठा घातला आहे, युवर्स ट्रूली. या पुठ्ठ्यावर दशांशरावांचा आठवडा निघाला. एक बाई वाकून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारते आहे, एवढंच ते डोळ्यांपुढे आणत, आणि समोर भंगारवाला उभा असला तर तो ताटकळत राही.

दशांशराव थोरल्या बहिणीच्या घरी राहत. ताईचं लक्ष कुठल्या कुठे असतं असं वाटे, पण भाऊ दर गुरुवारी डोक्यावरून आंघोळ करतो हे तिने तिसऱ्याच गुरुवारी टिपलं. पुठ्ठ्याच्या आठवड्यात तिने सरळ विचारलं, दशांशराव लटपटले, आणि अर्ध्या तासात तिने सातावरच्या रेघेपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं बाहेर काढलं. मग तिने सल्ला दिला. इस्त्रीचा शर्ट घाल आणि जाऊन ये, वीस मिनिटांचा तर रस्ता. दशांशराव म्हणाले, तक्रार-कारकुनाने स्थळभेट देऊ नये असा नियम आहे. ताई म्हणाली, या नियमाने तू म्हातारा होशील. दशांशराव म्हणाले, पत्रात सगळं येतंय की. त्यावर ताईने हातातली परात जरा जोरातच खाली ठेवली आणि म्हणाली, पत्रात टेबलाचे पाय येताहेत, तू कुठे येतोयस?

हे मनाला लागलं म्हणून असेल, एका दुपारी ते खरंच गेले. प्रसूतिगृहाच्या समोर औषधांचं दुकान होतं. तिथल्या पायरीवर उभं राहून त्यांनी पहिल्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या. सात होत्या. एका खिडकीत पांढरी टोपी दिसली आणि गेली. तेवढ्यात दुकानदाराने काय हवं म्हणून विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते खोकल्याचं औषध. घरी आल्यावर बाटली पाहून ताई काळजीत पडली, तेव्हा त्यांना थोडं खोकूनही दाखवावं लागलं, आणि तीन दिवस ते कडू औषध दोन-दोन चमचे घ्यावं लागलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात, पण न गेलेल्या घरच्या खिडक्या मोजून औषध पिणारा हा पहिलाच असावा.

सहाव्या पत्राच्या वेळी त्यांनी धाडस केलं. खाली स्वतः 'युवर्स ट्रूली' लिहिलं. मसुदा साहेबांकडे गेला आणि परत आला तेव्हा ट्रूलीवर तांबडी काट होती. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेबांच्या मते ट्रू हा शब्द एकाच जागी शोभतो, नकलेवर, 'ट्रू कॉपी' म्हणून. ज्याच्यावर सही आणि गोल शिक्का आहे ते ट्रू, बाकी सगळं दावा. खातं कुणाचंही ट्रूली नसतं, एवढं बावीस वर्षांत कळायला हवं होतं, असं ते म्हणाले. दशांशरावांचा अपमान झाला. तोही शिपायाच्या देखत. त्यांनी जागेवर येऊन पत्र पुन्हा लिहिलं, आणि ते नेहमीसारखं फेथफुली गेलं.

उत्तर आलं त्यात मात्र पहिल्यांदाच, न विचारलेली एक ओळ होती. या आठवड्यात अकरा बाळं झाली, सगळी वजनाने ठीक आहेत, आपल्या माहितीसाठी. आपल्या माहितीसाठी! दशांशरावांनी ते पत्र फाइलला लावलंच नाही. खात्याच्या इतिहासात कागद गहाळ होतात ते उंदरांमुळे किंवा साहेबांमुळे. हा पहिला कागद माणसाच्या शर्टाच्या खिशामुळे गहाळ झाला. त्यांना उत्तरात काहीतरी लिहायचं होतं. अकरा ही संख्या मला आवडली, असं. किंवा पुठ्ठा अजून आहे का, असं. शेवटी त्यांनी काय लिहिलं, तर तबकडीच्या काचेची जाडी कळवावी. लिहिताना त्यांना स्वतःचा रागही आला. पण सवय ही अशी असते की माणूस रडायला बसला तरी आधी दिनांक घालतो.

आणि मग राईचा पर्वत झाला. एकाच उपकरणावर तीन महिने फाइल उघडी राहिली की ती आपोआप वर जाते, असा एक नियम होता. तो दशांशरावांनाच सगळ्यांत चांगला ठाऊक होता, कारण त्याची सुबक नक्कल त्यांनीच भिंतीला लावली होती. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते पोट बिघडून एक पूर्णांक पाच दशांश दिवस घरी होते, तेव्हा फाइल साहेबांपुढे गेली. साहेबांनी शंका मोजल्या. अकरा. ज्या काट्याबद्दल खात्याला अकरा वेळा शंका येते तो काटा निश्चितच शंकास्पद, असा त्यांनी शेरा मारला, आणि मिस्त्रींना काट्याला शिशाचं सील ठोकायला पाठवलं. मिस्त्री सांगत होते, साहेब, काटा शून्यावर उभा आहे. साहेब म्हणाले, शून्यावर फाइलसुद्धा उभी होती, आता बघा किती जाड झाली.

दशांशराव कामावर आले तोवर अनर्थ होऊन गेला होता. प्रसूतिगृहातली बाळं आदल्या दिवसापासून शेजारच्या टपाल कचेरीतल्या पार्सलांच्या काट्यावर तोलली जात होती. एका बाळाच्या दुपट्याला कुणी सवयीने पावती चिकटवली, आणि आजीने रस्ताभर बोंबाबोंब केली. गावभर हसू झालं. पण प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापकांना हसू आलं नाही. तीन महिने काट्यावर संशय होता तर तीन महिन्यांच्या नोंदवहीतली वजनं खोटी, आणि नोंदवहीवर सही मेट्रनबाईंची. त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला.

गुरुवारी पत्र आलं. तीन महिन्यांची माझी नोंदवही ट्रू आहे. आपल्याला ते माहीत आहे असं मी धरून चालले होते. आणि खाली, युवर्स फेथफुली.

दशांशरावांनी ते तीनदा वाचलं. फेथफुली या शब्दात काही वाईट नाही, हजारो लोकांनी तो त्यांना लिहिला होता. पण या हाताने तो आजवर लिहिला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईने सकाळी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवला.

ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला खुलासा द्यायचा आहे. साहेबांनी छापील नमुना पुढे सरकवला. चूक कोणती, या रकान्यात दशांशरावांनी लिहिलं की पहिल्या दुरुस्तीनंतर काटा निर्दोष होता आणि पुढच्या अकराही शंका विनाकारण काढल्या. कारण, या रकान्यात छापील पर्याय होते: नजरचूक, अज्ञान, कामाचा ताण. त्यांनी तिन्हींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'पत्रं येत राहावीत म्हणून.' हे वाक्य त्यांनी इंग्रजीत लिहिलं नाही. त्यासाठी शब्दकोश काढावा असं त्यांना वाटलं नाही.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "दशांश, हे कारण यादीत नाही."

"खाली 'इतर' असा रकाना आहे, साहेब."

"तिथे आजवर कुणी काही लिहिलेलं नाही."

"म्हणून तो कोराच आहे, साहेब," दशांशराव म्हणाले, आणि आपण असं बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

सुनावणी सोमवारी साहेबांच्या खोलीत झाली. प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक आले, मिस्त्री आले, आणि मेट्रनबाई आल्या. दशांशरावांनी मनात एक उंच बाई उभी केली होती. प्रत्यक्षात त्या त्यांच्या खांद्याला लागत होत्या, कानांजवळचे केस पिकलेले होते, आणि हाताची बोटं सारखं पाण्यात काम केल्यासारखी सुरकुतलेली होती. दशांशरावांना त्या बोटांकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

खुलासा मोठ्याने वाचून दाखवायचा नियम होता. साहेबांनी चूक वाचली, मग घसा साफ केला आणि कारण वाचलं. व्यवस्थापक खिडकीबाहेर बघू लागले. मिस्त्रींनी खिशातली पक्कड काढून उगीच पुसली. शेवटी निकाल झाला. काट्याचं सील तोडावं, नोंदवही खरी धरावी, दशांशरावांच्या सेवापुस्तकात ठपका ठेवावा. व्यवस्थापकांनी मेट्रनबाईंची माफी मागितली आणि राजीनामा परत घेण्याची विनंती केली.

राजीनामा हा शब्द दशांशरावांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाईंनी तो मागच्याच आठवड्यात दिला होता. लांबच्या एका गावात नवं प्रसूतिगृह निघत होतं, त्यांना शनिवारी हजर व्हायचं होतं, आणि दिलेला शब्द त्या मोडणार नव्हत्या. एवढं सांगून त्यांनी पिशवी उचलली. दाराशी येऊन मात्र त्या दशांशरावांसमोर थांबल्या.

"तो सात अगदी स्वच्छ सात आहे," त्या म्हणाल्या. "आंधळ्यालाही दिसेल."

"हो."

"मला पहिल्याच पत्राला कळलं होतं, तुम्हाला काही शंका नाही म्हणून."

दशांशरावांनी विचारलं, "मग उत्तरं का दिलीत?"

"तुम्ही विचारत होतात," बाई म्हणाल्या. "मला दिवसभर सगळे सांगत असतात. डॉक्टर सांगतात, व्यवस्थापक सांगतात, बाळंतिणींच्या सासवा सांगतात. विचारत कुणी नाही. मी दर सोमवारी वाट बघायची, या वेळी काय विचारतील म्हणून. पुढेपुढे वाटायचं, आता तरी हा माणूस माझ्याबद्दल काही विचारेल." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही काचेची जाडी विचारलीत."

दशांशराव उभे राहिले. अकरा शंका ज्यांना भराभर सुचल्या होत्या त्यांना बारावी सुचेना. तुम्हाला राग आला का, विचारायचं होतं. जाऊ नका, असं म्हणायचं होतं, पण ती शंका नव्हती. बाईंनी पदर सारखा केला, जायला वळल्या, आणि दशांशरावांना वाटलं, आता गेल्या की आपण जन्मभर त्या सात खिडक्या मोजत बसणार.

"नव्या जागी," ते म्हणाले, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले, "नव्या जागी तुम्हाला करमेल का?"

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं, ते दशांशरावांनाही मोजता आलं नाही.

"आज कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "गेल्यावर कळवीन."

मागून साहेबांचा आवाज आला. ते गाव आपल्या हद्दीत येत नाही, तिथला पत्रव्यवहार या कार्यालयाला घेता येणार नाही, असं ते म्हणत होते.

"माहीत आहे, साहेब," दशांशराव म्हणाले, आणि आपल्याच खुलाशाची नक्कल टेबलावरून उचलून तिच्या पाठकोऱ्या बाजूला ताईच्या घराचा पत्ता लिहू लागले.